मामांची मोटर आणि ओहमसाहेबांचा भागाकार

"मोटर पुन्हा जळली रे!"

एप्रिल २०११ मधली ती सकाळ. घड्याळात अजून सहासुद्धा वाजले नव्हते. वडगाव रासाईहून मामांचा फोन. ख्यालीखुशाली नाही, मुलाबाळांची चौकशी नाही. पहिलेच वाक्य हे. आवाजावरून वाटावे की घरातले कोणी माणूसच अंथरुणाला खिळले आहे. एका अर्थाने ते खरेही होते. ज्याचा तीन एकर ऊस चैत्राच्या उन्हात उभा आहे आणि पाण्याची मोटर बंद आहे, त्याच्या घरात आजारपणासारखेच वातावरण असते.

"गेल्या महिन्यातच भरून आणली होती ना?" मी विचारले.

"गेल्या महिन्यात, आणि त्याच्या आधी संक्रांतीला. ही तिसरी खेप. आता हिच्यापायी पैसा घालायचा नाही. पाचची काढतो आणि साडेसातची नवी बसवतो. तू विज्ञानाचा मास्तर. कुठल्या कंपनीची चांगली, तेवढं सांग."

वाचकहो, पुण्याच्या एका शाळेत मी त्या वेळी वीस वर्षे विज्ञान शिकवत होतो. ओहमचा नियम फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. 'एका वाहकाच्या दोन टोकांमधील विभवांतर १२ व्होल्ट असून त्यातून ३ अँपिअर प्रवाह वाहतो, तर रोध किती?' मुले म्हणत, चार ओहम. मी म्हणे, शाबास! पण हा वाहक कोणाच्या घरचा, त्याच्या रोधापायी कोणाचे काय वाया चालले आहे, हे मुलांनी कधी विचारले नाही आणि मीही कधी सांगितले नाही. मामांनी मोटरीची कंपनी विचारली, आणि मला जाणवले की त्यांच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही.

शाळेला सुट्टी लागायला दोन दिवस होते. "मी येतो. तोवर नवी मोटर घेऊ नका," एवढेच मी म्हणालो.

भीमेच्या काठी

वडगाव रासाई हे शिरूर तालुक्याच्या दक्षिणेकडच्या कडेला, भीमेच्या तीरावर वसलेले गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका. शिरूरहून निघालेल्या गाडीतून न्हावऱ्याच्या साखर कारखान्याची चिमणी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. याच तालुक्याच्या पूर्व भागात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली, आणि तिच्याबरोबर पाणी नेण्यासाठी खणलेला पाटही सापडला. नदीचे पाणी शेतात न्यावे ही इथली धडपड एवढी पुरातन आहे. फरक एवढाच की, तेव्हा पाणी उताराने आपल्या पायांनी येई. आता विजेच्या बळावर ते चढ चढून येते.

मी पोहोचलो तेव्हा मोटर तालुक्याला 'भरायला' गेली होती, म्हणजे तिच्यातले जळलेले वेटोळे काढून नवी तार भरायला. मामांच्या ओट्यावर चहाबरोबर या विषयावर परिषद भरली होती. शेजारचे काका म्हणत होते, मोटरच कमी ताकदीची, मोठी घ्या. मोटर भरणाऱ्याने सांगितले होते की, तार चांगली वापरली आहे, लाईटच खराब आहे. गावातले वायरमन मिस्त्री म्हणत होते, लाईट सगळ्यांना तीच आहे, बाकीच्यांच्या मोटरी कुठे जळतात? मामींचे मत असे की मोटरीला कोणाची तरी दृष्ट लागली आहे. त्यांनी तिच्यावरून मीठमोहऱ्याही उतरवून टाकल्या होत्या.

मी गंभीर चेहरा करून सर्वांचे ऐकून घेतले. शिक्षकाला ते जमते.

मामेभावाची वही

संध्याकाळी मोटर भरून आली. मिस्त्रींनी ती नदीकाठी बसवली. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. दहाला येणार आणि सकाळी सहाला जाणार. शहरात दिव्याचे बटण दाबणाऱ्या आपल्यासारख्यांना या वाक्याचा अर्थ चटकन कळत नाही. रात्री दहा ते सहा लाईट म्हणजे रात्री दहा ते सहा उसात उभे राहून दारे धरायची, एका सरीचे पाणी दुसऱ्या सरीत वळवायचे. आणि हा जुन्नर वनविभागाचा मुलूख. इथल्या उसात बिबट्यांनी बिऱ्हाडे थाटली आहेत. मुलगा शेतावर गेला की मामी कंदिलाची वात बारीक करून ओट्यावर बसून राहत. झोपा म्हटले तर म्हणत, "लोळून तरी काय करू?"

त्या रात्री मामेभावाबरोबर मीही गेलो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. दहा वाजून पाच मिनिटांनी लाईट आली. त्याने स्टार्टरचे हिरवे बटण दाबले. मोटर आधी कण्हली, मग घुमू लागली. पत्र्याच्या पेटीवर दोन काटे होते, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा. मामेभावाने बॅटरी तोंडात धरली, खिशातून शंभर पानी वही काढली आणि तारखेपुढे लिहिले: ३४५, ९.

मी वही हातात घेतली. पहिल्या पानापासून तारीख आणि दोन आकडे. एकही रात्र चुकलेली नव्हती.

"हे कशाला लिहितोस?"

"मिस्त्री म्हणाले होते, काट्यांवर लक्ष ठेव. म्हणून लिहितो. पुढं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही."

मला लाज वाटली. विज्ञानात कसाबसा पास झालेला हा मुलगा दररोज रात्री बिबट्याच्या रानात उभा राहून प्रयोगाची नोंद करत होता. आणि त्या नोंदीतून निष्कर्ष काढण्याचा पगार घेणारा मी पुण्यात पंख्याखाली बसलो होतो. मग तिथेच, बांधावर बसून, मी माझ्या नोकरीतला पहिला खरा तास घेतला.

एक भागाकार, एक गुणाकार

पाट डोळ्यांसमोर होताच. पाणी किती उंचावरून येते, तो झाला दाब. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. दर क्षणाला पाटातून किती पाणी जाते, तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. आणि पाट अरुंद असेल, लांब असेल, त्यात गवत माजले असेल, तर पाण्याला जी अडवणूक होते तो रोध. तो मोजायचा ओहममध्ये. दाब तोच ठेवून पाट अरुंद केला की पाणी कमी येणार. यातून पहिला हिशेब निघतो: दाबाला प्रवाहाने भागा, म्हणजे रोध मिळतो. दुसरा त्याहून सोपा आहे: दाबाला प्रवाहाने गुणा, म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते ते कळते. तिला शक्ती म्हणतात, आणि तिचे माप वॉट.

आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. गीझरवर २००० वॉट असे लिहिलेले असते. घरातला दाब २३० व्होल्ट. २००० ला २३० ने भागले की ८.७ अँपिअर हा प्रवाह निघाला. आता २३० ला ८.७ ने भागा, साधारण २६.४ ओहम हा गीझरच्या कांडीचा रोध. हजार वॉटची इस्त्री असेल तर प्रवाह बरोबर निम्मा, सव्वाचारच्या थोडा वर, आणि रोध दुप्पट, ५३ ओहमच्या जवळ. ज्याचा रोध कमी तो जास्त वीज ओढतो, ही गोष्ट पुष्कळांना प्रथम उलटी वाटते. पण रुंद पाटाने जास्त पाणी येणार, एवढे लक्षात ठेवले की ती सुलटी होते. आणि हजार वॉटची इस्त्री एक तास चालली की विजेच्या बिलावर एक युनिट चढते. आपण महिन्याच्या महिन्याला ज्याच्यावरून घरात वाद घालतो ते युनिट हेच.

या भागाकाराचे जनक गेओर्ग सिमोन ओहम हेही एक शाळामास्तरच. १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेन गावी एका कुलुपे बनवणाऱ्या कारागिराच्या घरी ते जन्मले. वडिलांनीच घरी गणित शिकवले, हातात हत्यारही दिले. पुढे कोलोनच्या शाळेत शिकवत असताना त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या आणि जाडीच्या तारा घेतल्या, त्यांतून वीज सोडली आणि मोजमाप करून नियम शोधला. १८२७ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. मोठ्या पदाची आशा होती. मिळाली ती टीका. त्यांनी नोकरी सोडली आणि पुढची कित्येक वर्षे ओढगस्तीत काढली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले, तेव्हा कुठे मायदेशाला जाग आली. त्याच सुमारास इंग्लंडात जूल नावाच्या, बिअर बनवणाऱ्या घराण्यातल्या तरुणाने दुसरी गोष्ट मोजून दाखवली: तारेत जी उष्णता निर्माण होते ती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत असते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. हे वाक्य, वाचकहो, जरा लक्षात ठेवा. मामांच्या मोटरीचे मरण त्यात होते.

गीझर आणि मोटर: दोन स्वभाव

मामेभावाने सगळे शांतपणे ऐकले आणि वहीत आकडेमोड करून विचारले, "मग ३४५ भागिले ९, म्हणजे मोटरीचा रोध अडतीस ओहम का?"

प्रश्न चांगला होता आणि उत्तर 'नाही' असे होते. गीझर, इस्त्री, शेगडी यांच्यात वीज शिरते ती नुसती तापायला. तिथे हा भागाकार सरळ लागू पडतो. मोटर मात्र फिरते, चुंबक तयार करते, पाणी उचलते. तिला सांगितलेला दाब आणि तिने घेतलेला प्रवाह एकमेकांच्या थोडे मागेपुढे चालतात. म्हणून तिच्या गुणाकारात पॉवर फॅक्टर नावाचा एक आकडा आणखी घालावा लागतो, आणि तीन फेज असल्यामुळे १.७३ नेही गुणावे लागते. ३४५ गुणिले ९ गुणिले १.७३, आणि पॉवर फॅक्टर ०.८३ च्या आसपास धरला, तर साडेचार हजार वॉटच्या जवळ आकडा येतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. पाच अश्वशक्ती म्हणजे ३७३० वॉट. मोटर घेते साडेचार हजार, काम करते पावणेचार हजारांचे; बाकीचे तिच्या अंगात उष्णता होऊन जाते. इथवर सारे ठीक होते.

पण खरा स्वभावभेद पुढेच आहे. समजा, घरातला दाब २३० वरून २०० वर उतरला. गीझर काय करतो? रोध तोच, २६.४. प्रवाह ८.७ वरून ७.६ वर येतो. शक्ती २०० गुणिले ७.६, म्हणजे साधारण १५२०. पाणी उशिरा तापते, एवढेच. जेवढी मजुरी तेवढेच काम, असा गीझरचा सरळ हिशेब. मोटरीचे तसे नाही. तिच्या डोक्यावर पाण्याचा ठरलेला बोजा आहे, आणि तो तिला उचलायचाच आहे. दाब कमी मिळाला तर तेवढेच काम करण्यासाठी ती प्रवाह जास्त ओढते. मोटरीवरच्या पाटीवर लिहिले होते: ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर. वहीत होते: ३४५ आणि ९. प्रवाह १.२ पट झालेला. आता जूलसाहेबांचा वर्ग करा: १.२ गुणिले १.२ म्हणजे १.४४. वेटोळ्यात उष्णता जवळजवळ दीडपट! रात्रभर, आठ आठ तास. वेटोळ्यावरचा लेप किती दिवस टिकणार?

"म्हणजे ती कामचुकार नव्हती," मामेभाऊ म्हणाला. "झेपत नसताना ओढत होती."

मी मामांकडे पाहिले. पासष्टी उलटलेले मामा खांद्यावर फावडे घेऊन रात्री अकराला चौथ्या सरीचे दार धरत होते. मी काही बोललो नाही.

चोर सापडला

मोटर का जळते ते कळले. पण दाब ३४५ का, हे कळायचे होते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बरोबर घेतले. त्यांच्याकडे टाँग टेस्टर होता. तारेला चिमट्यात धरले की प्रवाह सांगणारा. रात्री मोटर चालू असताना त्यांनी डीपीजवळच्या पेटीत दाब मोजला: ३८५. नदीकाठी: ३४५. लाईट मुळातच कमी होती, हे खरे. पण उरलेले ४० व्होल्ट डीपी आणि नदी यांच्यामध्ये गडप होत होते. त्या दोहोंमध्ये होती काय? चारशे मीटर केबल.

केबल तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची. विहीर घराजवळ होती तेव्हा घेतलेली. पुढे नदीवर मोटर नेली तेव्हा तीच जोडून जोडून लांबवली. अशा केबलीच्या एका तारेचा रोध किलोमीटरला ७.४ ओहमच्या आसपास असतो. चारशे मीटरला झाला तीन ओहम. आता मामेभावाला मी काही सांगितले नाही, त्यानेच केले. तीन ओहम गुणिले नऊ अँपिअर: एकेका तारेत २७ व्होल्ट खाल्ले जातात. तीन फेजच्या हिशेबात आणि पॉवर फॅक्टर धरून ते मोटरीपाशी ४० च्या घरात दिसतात. २७ व्होल्ट गुणिले ९ अँपिअर: एका तारेत २४३ वॉट. तिन्ही मिळून ७२९.

"म्हणजे आपण रोज रात्री आठ तास एक इस्त्री मातीत पुरून चालू ठेवतो," तो म्हणाला. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही विद्यार्थ्याने इतके नेमके उत्तर दिले नव्हते.

मग मी मामांपुढे साडेसातच्या मोटरीचा हिशेब मांडला. तिच्या पाटीवरच ११ अँपिअर असतात. कमी दाबाखाली ती १३ घेणार. १३ गुणिले ३ म्हणजे एकेका तारेत ३९ व्होल्ट नाहीसे. तीन तारांत मिळून १५०० वॉटच्या वर नुकसान, आत्ताच्या दुप्पट. नदीकाठी दाब ३३० च्याही खाली जाणार. पाचची मोटर तीन महिन्यांत तीनदा जळली. साडेसातची त्याहून लवकर जळली असती, आणि तिचे पैसे पुढच्या ऊसबिलातून फेडावे लागले असते. मामा बराच वेळ वहीतल्या त्या १५०० कडे बघत राहिले. मग म्हणाले, "दुकानदाराला उद्या येतो म्हणून सांगितलं होतं."

शेवटची गोष्ट मिस्त्रींनी काढली. तीन काट्यांपैकी एका फेजचा दाब बाकीच्यांपेक्षा किंचित कमी येत होता. ते केबलीच्या कडेकडेने चालत गेले आणि बाभळीपाशी थांबले. तिथे केबलीवर काळ्या टेपचा गोळा होता, आणि त्याच्याभोवतीचे गवत पिवळे पडले होते. "हा जोड माझाच," ते म्हणाले. "तीन वर्षांमागं नांगरात केबल तुटली, तेव्हा पीळ देऊन टेप मारली होती." आधी वीज बंद करून त्यांनी टेप सोडवली, ती करपून कडक झाली होती. मग रबरी हातमोजे घालून, वीज चालू करवून, जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे मीटरची टोके लावली. साडेचार व्होल्ट. प्रवाह नऊ. भागाकार: अर्धा ओहम. गुणाकार: चाळीस वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे कथिलाचा डाग देण्याची जी विजेची सळई असते, ती पंचवीस-तीस वॉटची असते. तिच्याहून जास्त उष्णता बोटभर लांबीच्या जोडात कोंडलेली होती! (हे मोजमाप जाणत्या वायरमनचे काम आहे. वाचकांपैकी कोणी उत्साहाच्या भरात चालू तारेशी असा खेळ करू नये.)

जाड तार आणि जास्त दाब

उपाय हिशेबातच दडलेला होता. रोध कमी करायचा तर पाट रुंद हवा, म्हणजे तार जाड हवी. तांब्याची जाड केबल परवडणारी नव्हती. सोळा चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची घेतली. ॲल्युमिनियम तांब्याहून जास्त अडवणूक करते. पण जाडी सहापटीहून अधिक असल्यामुळे चारशे मीटरला एका तारेचा रोध पाऊण ओहमच पडला. नव्या मोटरीसाठी ठरवलेले पैसे केबलीत गेले, वर थोडे घालावेही लागले. मामा दुकानातून बाहेर पडताना म्हणाले, "एवढे पैसे जमिनीत पुरायचे!" मामेभाऊ म्हणाला, "इस्त्री पुरली होती त्यापेक्षा बरं."

इथे थोडे मुंबईकडे वळू. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना घाटाच्या पाण्यावरची वीज जाऊ लागली. मैलोगणती तारेत वीज हरवू नये म्हणून ती लाखाच्या घरातल्या व्होल्टने पाठवली. का? मामांच्याच कारणासाठी. दहा लक्ष वॉट शक्ती शंभर व्होल्टने पाठवायची तर दहा हजार अँपिअर लागतील. तीच लाख व्होल्टने पाठवली तर दहा अँपिअर पुरतात. प्रवाह हजारपट कमी, म्हणून त्याच तारेतले नुकसान दहा लाख पट कमी! १९६२ साली कोयनेची वीज निघाली तीही अशीच उंच मनोऱ्यांवरून, प्रचंड दाबाने. रानातून जाणारे ते मनोरे आणि त्यांच्यावरच्या चिनीमातीच्या तबकड्यांच्या माळा आपण आगगाडीतून पाहतो. त्या ओहमसाहेबांच्या आणि जूलसाहेबांच्या हिशेबाच्या खातेवहीच म्हणायच्या. तो दाब गावाजवळ अकरा हजारांवर आणि शेवटी डीपीत चारशेच्या घरात उतरवतात. तिथून पुढे दाब वाढवण्याची सोय शेतकऱ्याच्या हाती नसते. त्याच्या हाती उरते ती तारेची जाडी आणि जोडांची स्वच्छता.

नवी केबल टाकल्याच्या रात्री मी परत नदीवर होतो. जोड मिस्त्रींनी आपल्या हातांनी, पक्कड दाबून, तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या योग्य कानांनी केले होते. मोटर कण्हली नाही. मामेभावाने बॅटरी तोंडात धरली आणि लिहिले: ३७६, सव्वाआठ. तारांतले नुकसान सव्वासातशेवरून दीडशे वॉटवर आले होते. पाइपाच्या तोंडाशी पाण्याची धार हातभर पुढे पडत होती. तेवढ्यासाठी मीटरची गरज नव्हती.

प्रवाह पाटीवरच्या साडेसातपेक्षा अजून थोडा जास्त होता, हे मी लपवत नाही. डीपीतच दाब कमी येत होता. तो शेतकऱ्याच्या केबलीने वाढणारा नव्हता. रात्रीची लाईट दिवसा करणेही आमच्या भागाकाराच्या आवाक्यात नव्हते. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली ती २०१७ साली. त्या उन्हाळ्यात मामी ओट्यावर बसतच राहिल्या. पण एक झाले: एकरभराचे पाणी लवकर उरकू लागले, आणि मुलगा रानातून तासभर आधी घरी येऊ लागला. मोटर त्या हंगामात पुन्हा जळली नाही.

भाऊबीज

त्या वर्षी दिवाळीत भाऊबीजेला मामा पुण्याला आले, आईकडून ओवाळून घ्यायला. बरोबर मामेभाऊही होता. सकाळी आंघोळ करून बाहेर आला तो टॉवेलानेच केस पुसत म्हणाला, "दादा, गीझरच्या पिनेला हात लावून बघा."

मी लावला. चटका बसला. सॉकेट जुने, पत्ती सैल. आत हळूहळू काळे पडत चाललेले. कितीतरी दिवस मी रोज तेच बटण दाबत होतो.

"किती वॉटचा आहे?"

"दोन हजार."

"म्हणजे पावणेनऊ अँपिअर." त्याने बोटांवर हिशेब केला. "सैल पत्तीत दोन व्होल्ट जरी खाल्ले जात असले, तरी सतरा-साडेसतरा वॉट. तेवढ्याशा प्लॅस्टिकात. वर दिवाळीच्या माळा, इस्त्री, सगळं ह्याच बोर्डावर. बरं नव्हे ते."

मामा आरामखुर्चीत बसून फराळाची चकली खात होते. आईकडे वळून म्हणाले, "ताई, तुझा मुलगा मास्तर आहे ना गं?"

दुपारी वायरमनला बोलावून मी नवे, मोठ्या पिनेचे सॉकेट बसवून घेतले आणि माळांसाठी वेगळा बोर्ड काढून घेतला. संध्याकाळी पणत्या लावल्या तेव्हा मामेभावाने गीझर चालू केला, पाच मिनिटे थांबला आणि पिनेला बोट लावले.

"गार आहे," तो म्हणाला, आणि मग आम्ही सगळे जेवायला बसलो.